परसात पडलेलं ऊन

वादळानंतर अकराव्या दिवशी मी गावी पोचले. जून २०२०. डोंबिवलीहून निघायला पास मिळवण्यात आठवडा गेला होता. मंडणगडच्या पुढे रस्त्यात आडवी पडलेली झाडं कडेला ढकलून जेमतेम वाट केली होती, त्या वाटेनं गाडी सरकत होती. ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगड हे दोन्ही तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. तेव्हापासून घरचा फोन लागत नव्हता. आमचं गाव केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी. घर उभं होतं. मागच्या पडवीची कौलं गेली होती आणि गोठा बसला होता. मोठी काकू मागच्या दारात उभी होती. मला पोटाशी धरून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, परसात बघ, किती ऊन पडलंय."

मी बघितलं. चौतीस पोफळी, चार माड आणि एक बरका फणस आडवे झाले होते. त्यांच्या खोडांवर, ओल्या झावळ्यांच्या ढिगांवर, विहिरीच्या काठावर दुपारचं लख्ख ऊन होतं. काकू १९७१ साली लग्न होऊन या घरात आली. एकोणपन्नास वर्षांत तिनं परसात असं सरळ उतरलेलं ऊन पाहिलं नव्हतं. आजोबांनी लावलेल्या आगराची सावली इतकी दाट होती की तिच्याखाली अळू, हळद आणि खोडांवर चढवलेले मिरीचे वेल, याखेरीज काही होत नसे. भाजी व्हायची ती खालच्या मळ्यात, भात कापून झाल्यावर. मळा कसणारी माणसं मुंबईला गेली, मळा पडीक झाला, आणि गेली पंधरा-वीस वर्षं आमच्या घरात भेंडी-गवार दापोलीच्या बाजारातून यायची, जी तिथं घाटावरून आलेली असायची.

माड नव्यानं लावला तर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात, पोफळीलाही जवळपास तेवढीच. आम्ही पावसातच कडेकडेनं नवी रोपं लावली. पण ती मोठी होईपर्यंतचं ऊन आमच्या हातात होतं. त्या उन्हाचं काय करायचं, हा प्रश्न त्या जूनमध्ये काकूला पडला आणि मग मला. या लेखात सांगते आहे ती त्यानंतरच्या साडेपाच वर्षांची हकिगत.

परस हा शब्द मला फार आवडतो. घराच्या पुढं खळं आणि मागं परस. पुढच्या खळ्यात पाहुणे येतात, भात झोडलं जातं, तुळस असते. मागच्या परसात विहीर, न्हाणीघर, धुणं, भांडी, उकिरडा, लाकडं. घरातून जे जे बाहेर जातं ते आधी परसात जातं. मराठीत 'परसाकडे जाणं' याला जो अर्थ आला तो त्यातूनच. आणि जुन्या बायकांनी याच जागेतून जेवणाचं ताट भरलं. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला, भांड्यांची राख वेलाच्या बुडाला, खरकटं गुरांना, गुरांचं शेण खड्ड्यात. आमच्याकडे त्या खड्ड्याला गायरी म्हणतात. मी या व्यवस्थेत वाढले, पण तिच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ती मोडल्यावर बघितलं.

ऊन मिळालं, तरी माती नव्हती. आमच्या परसात पहार मारली की वीतभर माती जाते आणि मग खण्ण असा आवाज येतो. खाली जांभा. लाखो वर्षं पाऊस मुरत गेला, खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागं उरली, त्याचा हा सच्छिद्र तांबडा दगड. फ्रान्सिस बुकानन यानं मलबारात लोक तो जमिनीतून विटांसारखा कापून काढताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. खाणीत तो त्या मानानं मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. वरची मातीही त्याच जातीची, आम्लधर्मी आणि उपाशी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो चुना, नत्र, जे काही घालाल ते धुऊन नेतो. जुलैत या वीतभर मातीत पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात, मिरचीचं रोप उभ्याउभ्या माना टाकतं. मेमध्ये तीच माती विटेसारखी होते.

खाली जायला जागा नाही, म्हणून वर जायचं. ही काही नवी युक्ती नव्हे. मिरची-वांग्याची रोपं कोकणात गादीवाफ्यावरच करतात. १ मीटर रुंद, ३ मीटर लांब, १५ सेंटिमीटर उंच, हे माप शेती शिकलेला कुणीही झोपेत सांगेल. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. भाताची रोपंसुद्धा राब न भाजता गादीवाफ्यावर करा, हे तिथली माणसं शेतकऱ्यांना सांगत आली. रोपं तिथं महिनाभर राहतात आणि मग दुसरीकडे लावली जातात. आम्हाला हवा होता कायमचा गादीवाफा, बारमाही, ज्यात पेरायचं आणि तिथूनच काढायचं.

पहिला वाफा आम्ही वाया घालवला. चुलतभाऊ आणि मी, दोघांनाही घाई झाली होती. समोर पोफळीची खोडं पडलेली, ती उभी चिरून आम्ही खुंट्या मारून चौकट केली. फुकटचं लाकूड, दिसायलाही सुरेख. मग भरायला माती हवी म्हणून एकाकडून ब्रासभर लाल माती मागवली. कुठल्यातरी इमारतीचा पाया खणताना निघालेली ती माती होती. वरची नव्हे, खालची, जिच्यात कधी मूळ शिरलं नव्हतं. त्यात शेजारच्या गोठ्यातलं शेण आणून मिसळलं, ताजंच. काकू पडवीतून म्हणाली, "शेण कुजू दे गो." आम्ही ऐकलं नाही.

दिवाळीपर्यंत त्या वाफ्यावर पपडी धरली. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जायचं. मुळा उगवला तो बोटाएवढा होऊन अडला, कारण खाली जायला त्याला वाट नव्हती. पानं पिवळी. एक एक झाड मरायला लागलं तेव्हा उपटून पाहिलं तर मूळच नाही, आणि मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या. हुमणी. पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे बाहेर पडतात, आसपासच्या झाडांचा पाला खातात आणि जमिनीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेलं शेण म्हणजे त्यांच्या पिलांना मेजवानी. राहता राहिली चौकट. तिला वाळवी लागली आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आतच ती हातानं चुरडली जाईल अशी झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं त्या दोन दिवसांच्या पावसात तिचा एक कोपरा फुटला आणि तांबडा ओघळ विहिरीपर्यंत गेला.

मला रडू आलं होतं. काकूनं त्या मातीचं ढेकूळ उचललं, दाबून पाहिलं, फुटेना. ती म्हणाली, "ही माती नव्हे. हा दगड आहे, अजून माती झालेला नाही."

त्या वाक्यानं माझं पुढचं सगळं काम बदललं. माती मिळते, विकत येते, अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे ती करावी लागते, आणि करायला वर्ष लागतं. वाफा म्हणजे ती होत असताना तिला धरून ठेवणारं भांडं. हे कळलं तसं मी भांड्याची काळजी कमी आणि आत काय शिजतंय त्याची जास्त करायला लागले.

भांडं मात्र चांगलं मिळालं. बसलेल्या गोठ्याच्या भिंतीचे चिरे तिथंच पडून होते, फूट-सव्वा फूट लांब, नऊ इंच रुंद, सात इंच उंच. गवंडीदादा आले, त्यांनी दोरी लावली, चिरा हातात घेऊन त्याची बरी बाजू शोधली आणि विचारलं, "ताई, सिमेंटात बसवू की कोरडाच?" मी म्हटलं, कोरडा. त्यांनाही ते आवडलं. आमच्याकडचे गडगे असे कोरडेच रचलेले असतात. सांध्यांतून पाणी जातं, दगडाला दगडाचं ओझं पुरतं. आतून दहा फूट लांब, तीन फूट रुंद. तीनच फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय द्यायचा नाही, हा एकच नियम आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे. पायाखाली माती दबली की तिच्यातली हवा जाते, आणि हवा गेली की जुलैत मुळं कुजायची तशीच कुजतात. लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही अंगांना ऊन. दोन थरांना पन्नासेक चिरे लागले. आत चौदा इंच खोली, म्हणजे साधारण पस्तीस घनफूट, ब्रासचा तिसरा हिस्सा, सत्तर-ऐंशी घमेली.

ती भरायची कशानं, ते काकूनं ठरवलं. तळाशी नारळाची सोडणं, रात्रभर भिजवून, पोकळ बाजू वर करून. ती स्पंजासारखं पाणी धरतात. त्यावर वादळात पडलेल्या फणसाच्या फांद्या, ज्या वर्षभरात मऊ झाल्या होत्या. मग केळीचे खुंट तुकडे करून. मग पातेरा, दोन-तीन पावसाळे आंब्याखाली पडून काळा झालेला. आंब्याचं ताजं वाळकं पान चिवट असतं, लवकर कुजत नाही. त्यात गिरिपुष्पाचा कोवळा हिरवा पाला मिसळला. वाळक्या पानात कर्ब भरपूर, नत्र थोडं. हिरव्या पाल्यात आणि शेणात नत्र जास्त. नुसतं वाळकं घातलं तर ते कुजवणारे जीव मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात, जशी आमची पहिल्या वर्षी पडली. सगळ्यात वर सहा-आठ इंच खरी माती. ती आणली दोन ठिकाणांहून. गायरीच्या तळाचं दहा वर्षांचं काळं खत, आणि गोठ्याची जमीन. जिथं तीन पिढ्या गुरं बांधली, गोमूत्र मुरलं, ती जमीन टिकावानं वीतभर खोल उकरली. चुलीची राख मूठ-मूठ टाकली. आम्लधर्मी मातीला राख मानवते, पण काकूचं प्रमाण मुठीचं, माझ्या हाताचं घमेल्याचं. तिनं मला थांबवलं.

भरलेला वाफा चिऱ्यांच्या वर टेकडीसारखा आला होता. पाऊस संपेपर्यंत तो चार-पाच बोटं आत गेला. खालचं सगळं कुजत बसत जातं, म्हणून दर वर्षी वर भर घालावी लागते. ज्यांनी पहिल्यांदा वाफा केला आहे ते हे पाहून घाबरतात. घाबरू नये. तो खाली जातो आहे म्हणजे आत काम चालू आहे.

२०२१च्या पावसात, नीट भरलेल्या त्या वाफ्यात, काकूनं मृगाच्या आधीच पडवळाचं बी टोचलं होतं. वर पोफळीच्या रिपांचा मांडव. श्रावणात एका सकाळी तिनं मला हाक मारली. मांडवाखाली पडवळं लोंबत होती, आणि ती एकेकाच्या टोकाला सुतळीनं बारका खडा बांधत होती, सरळ वाढावं म्हणून. खडा निवडताना ती तो तळहातावर तोलून बघायची. जड झाला तर देठ तुटतो, हलका झाला तर पडवळ वळतं. मळ्यात वर्षानुवर्षं शिकलेला तो अंदाज तिच्या हातात तसाच होता, फक्त त्याला वापरायला जागा उरली नव्हती. त्या दिवशी डाळ घालून पडवळाची भाजी झाली आणि बियांची चटणी. मी आयुष्यात खाल्लेली ती सगळ्यात चांगली भाजी, असं मी म्हणते तेव्हा घरातले हसतात, पण मी ते मनापासून म्हणते.

मी पत्रकारितेत आयुष्य काढलं, त्यामुळे एकदा रस लागल्यावर मी इतरांचे परस बघत फिरले आणि वाचत गेले. श्रीपाद दाभोळकरांपर्यंत सगळे रस्ते जातात. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, शेतकऱ्यांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत चांगलं जगू शकतं, हे त्यांचं म्हणणं. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. आमचं परस दोन गुंठे, तेव्हा मी ते वाचून लगेच हिशोब करायला बसले. पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट हिशोबापलीकडची आहे. पानावर पडणारं ऊन हीच खरी मिळकत, आणि ती मातीत परत कशी घालायची हा प्रश्न. त्यांच्या विचारातून दीपक सचदे यांनी नर्मदेकाठी बजवाड्यात अमृतमाती करण्याची पद्धत रुजवली. वाळका पाला शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यात भिजवून ढीग करायचा, मध्ये मध्ये उलथायचा, मग त्याच ढिगावर धान्य, कडधान्य, तेलबिया, मसाले अशी मिसळ पेरायची आणि उगवलेलं कोवळेपणी, थोडं मोठं झाल्यावर आणि फुलायच्या बेतात, असं तीन वेळा कापून त्यातच मिसळायचं. कोवळ्या पानाचं, तरुण पानाचं आणि पिकत्या पानाचं सत्त्व वेगळं, म्हणून तीनदा. आम्ही एक ढीग तसा केला. काकूला मेथीचं कोवळं रोप कापून मातीत घालायचं जिवावर आलं. तिनं अर्धी मेथी काढून आमटीत घातली.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास भाजी लावली. कँटीनच्या भाज्यांची देठं-सालं खाली फेकण्याऐवजी वर नेली आणि त्यांतूनच माती केली. बंदरातल्या सिमेंटच्या गच्चीवर जर माती होते, तर कातळावर का नाही, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना वाटत राहिलं. आणि बियाण्याचं विचाराल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईंनी गावरान वाण जपले, बाएफ संस्थेच्या मदतीनं घरच्या घरी बियाणे बँक उभी केली, २०२०चा पद्मश्री त्यांना जाहीर झाला. त्यांच्या कामाचं मूळ परसातच आहे. घरापुरतं वाल, घेवडा, वांगं, भोपळा लावायचा, त्यातलं चांगलं फळ बियाण्याला राखायचं, बी राखेत घालून मडक्यात ठेवायचं. माझ्या काकूकडे चार बरण्या आहेत. त्यांतल्या एकीतलं कडव्या वालाचं बी तिच्या सासूच्या हातचं, सलग पेरत आलेलं. विद्यापीठाचं कोकण तारा कारलं आणि कोकण श्वेता पडवळही आम्ही लावलं, उत्तम आलं. पण त्या वालाला आमच्या घरात जो मान आहे तो दुसऱ्या कशाला नाही.

उंच वाफा सगळीकडे करावा का? नाही. हे मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात माझ्या मावशीकडे शिकले. आमचे फोटो पाहून तिच्या मुलानं घरामागं विटा-सिमेंटचा दोन फूट उंच वाफा बांधला होता. पावसाळ्यात तिथली काळी माती फुगून चिखल होते तेव्हा तो छान चालला. एप्रिलमध्ये त्याला दिवसातून दोनदा पाणी घालावं लागायला लागलं, कारण उंच वाफा चहूबाजूंनी तापतो आणि वाऱ्यानं सुकतो. ज्या लातुरात २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं भाजीला दोनदा पाणी कुठून आणणार? मावशी म्हणाली, "बाई, तुमच्याकडं पाण्यातून वर यायचं, आमच्याकडं पाण्याकडं खाली जायचं." तिनं तो वाफा मोडला. जमिनीत वीतभर खोल वाफा खणला, कडेनं बांध घातला, मधोमध दोन मातीची मडकी पुरली. मडकं झिरपतं, मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. तिच्या भावाच्या शेतात सोयाबीन मात्र रुंद वरंब्यावर असतं. काळ्या जमिनीसाठी ही रुंद वरंबा-सरीची पद्धत इक्रिसॅटनं १९७०च्या दशकात बसवली; पावसाचं जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यात ओल राहते. म्हणजे एकाच कुटुंबात शेतात वर आणि परसात खाली. पुस्तकातलं माप उचलण्याआधी आपल्या जमिनीवर एक पावसाळा आणि एक उन्हाळा नुसतं उभं राहून बघावं, हे माझं ठाम मत झालं आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात वाफ्याला दिवसाला एक हंडा पाणी लागतं, पंधरा लिटर धरा, तेही वर पेंढा किंवा पातेऱ्याचा जाड थर असेल तर. थर काढला की दीड हंडाही पुरत नाही. पाणी कधी द्यायचं आणि पेरायचं कधी, ते मातीला विचारायचं. मूठ वळायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. लगदा राहिला तर थांबा, धूळ झाली तर उशीर झाला, अलगद फुटली तर वाफसा आहे, पेरा.

माकडांबद्दल लिहिलं नाही तर कोकणातला वाचक हा लेख बाजूला ठेवील. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांनी परसात भाजी लावणं सोडलं ते माकडांपायी. एका सकाळी वीस-पंचवीस वानरांनी आमचे दोन्ही मांडव आडवे केले, कोवळी भेंडी चावून टाकली, भोपळ्याची फुलं खाल्ली. काकू तासभर काही बोलली नाही. शेजारच्या घरात म्हाताऱ्या जोडप्यानं अशाच एका सकाळनंतर कुदळ माळ्यावर टाकली. यावर आमच्याकडे उत्तर नाही. जाळी लावली आहे दोन वाफ्यांना. उरलेल्यांत ती सहसा ज्याला हात लावत नाहीत ते लावतो, कारली, मिरची, सुरण, आलं. पावसात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, पहाटे त्याच्याखाली जमलेल्या वेचायच्या. एका जुलैत भाच्यानं एका गोणपाटाखाली त्रेपन्न मोजल्या.

आणि हा प्रश्न नेहमी येतो, की आता झालेल्या चार वाफ्यांवर घर चालतं का. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलेलं ताट घेतलं तर माणशी दिवसाला चारशे ग्रॅम भाजी हवी. आम्ही घरात चार. दिवसाला दीड किलोच्या वर. एकशेवीस चौरस फुटांतून ती निघत नाही, आणि निघते असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कांदे-बटाटे बाजारातूनच येतात. पण पालेभाजी आम्ही पावसाचे दोन महिने सोडले तर विकत आणत नाही. मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबू घरचं. श्रावण-भाद्रपदात पडवळ-दोडकं वाटूनही उरतं. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. चहा झाला की आम्ही दोघी ती बघायला जातो. उमेद अभियानाच्या बचत गटांतल्या बायका गावोगाव पोषण परसबागा करत आहेत, गोल आखणीच्या, मधोमध खताचा खड्डा असलेल्या. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकीनं मला सांगितलं, "ताई, भाजी घरची असली की वाढताना हात आखडत नाही." मुलांच्या ताटात काय बदललं ते या वाक्यात आहे.

२०२२ मध्ये काकूचे गुडघे गेले. वाकता येईना, उकिडवं बसता येईना. ती पडवीतल्या खुर्चीवरून सूचना देऊ लागली आणि चार दिवसांत तीही बंद केली. गवंडीदादांना पुन्हा बोलावलं. विहिरीजवळच्या वाफ्यावर चिऱ्यांचा तिसरा थर चढवला. एकवीस इंच उंची, नऊ इंच रुंद काठ, त्यावर वरून घोटून गुळगुळीत केलेले चिरे. काठावर बसलं की माती बरोबर हाताखाली येते. पहिल्या दिवशी ती बसली, खुरपं हातात घेतलं आणि दुपारच्या जेवणाला हाका मारूनही उठली नाही. तिथं आता लाल माठ, मुळा, मेथी, शेपू असतं. त्या वाफ्याला घरात 'काकूची गादी' म्हणतात.

यंदा सहावा पावसाळा गेला. वादळानंतर लावलेल्या पोफळी डोक्याच्या वर गेल्या आहेत. पूर्वेकडच्या, चिऱ्यांच्या पहिल्या वाफ्यावर सकाळी दहापर्यंत सावली असते, पुढच्या वर्षी दुपारपर्यंत असेल. गणपतीनंतर आम्ही तो हलवायचं ठरवलं. चिरे कोरडे रचलेले, त्यामुळे उचलायला अर्धा दिवस लागला. आतली माती बाहेर काढली तेव्हा तळाशी घातलेल्या सोडणांचं, फांद्यांचं, खुंटांचं काही शिल्लक नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकसारखी काळसर, भुसभुशीत, बोटाएवढ्या गांडुळांनी भरलेली. त्यातच कुठंतरी ती पाया खणून आणलेली लाल मातीही होती, जी आम्ही वर्षावर्षाला थोडी थोडी मिसळत गेलो. शोधूनही ती मला वेगळी दिसली नाही.

घटस्थापनेला आमच्याकडे घटाची माती खालच्या शेतातून आणायची पद्धत. त्या सकाळी भाऊ टोपली घेऊन निघाला तर काकूनं त्याला थांबवलं. काठीचा आधार घेत ती मोडलेल्या वाफ्यापाशी गेली, ढिगाऱ्यातून दोन ओंजळी माती चाळून पत्रावळीवर पसरली आणि नऊ धान्यं त्यात टाकली. पाचव्या माळेला रुजवण चार बोटं वर आलं होतं, इतकं दाट की खालची माती दिसत नव्हती. दसऱ्याला तिनं त्यातला तुरा आधी भावाच्या टोपीत खोवला, मग माझ्या केसांत. उरलेलं रुजवण तिनं मातीसकट नव्या वाफ्यात, मेथीच्या ओळीच्या कडेला, हातानं दाबून बसवलं.